रॉक-अनुबोधपटातील साथीदार : उस्ताद अल्लारखा यांची पडद्यावरील कामगिरी

१

कथापटातील दुय्यम भूमिकांचा विचार समीक्षेला नवा नाही. नायकाच्या मागे उभा राहणारा मित्र, एका प्रसंगापुरता येणारा न्यायाधीश, दोन वाक्ये बोलून निघून जाणारा टपालवाला यांच्या अभिनयाची दखल रसिक घेतात आणि समीक्षकही घेतात. अनुबोधपटात मात्र भूमिका नसते. तेथे माणसे आपापल्या नावाने वावरतात. त्यामुळे त्यांच्यापैकी प्रमुख कोण आणि गौण कोण, हे मूळ घटनेनेच ठरवून ठेवले आहे, चित्रपटाने ते केवळ टिपले आहे, असा समज रूढ होतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. घटना एकदाच घडते. पण तिच्यातील कोणाचा चेहरा किती वेळ दिसावा, कोणाचे वादन ऐकू यावे आणि कोणाचे कापले जावे, हे संकलनाच्या मेजावर ठरते. अनुबोधपटातील गौणत्व हे म्हणून पुष्कळदा निसर्गदत्त नसून निर्मित असते.

या दृष्टीने अमेरिकेतील रॉक-संगीताच्या अनुबोधपटांकडे पाहता एक विलक्षण उदाहरण समोर येते. १९६७ ते १९७१ या अवघ्या पाच वर्षांत रॉक-संगीताचे तीन मोठे मेळावे झाले आणि त्या तिन्हींवर चित्रपट निघाले : ‘मॉन्टेरे पॉप’, ‘वुडस्टॉक’ आणि ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. या तिन्ही मेळाव्यांच्या मंचावर एक तबलावादक बसला होता. त्याचे नाव उस्ताद अल्लारखा. भारतीय रसिकांच्या लेखी ते आपल्या विद्येतील अग्रगण्य पुरुष. परंतु ज्या चित्रपटांनी त्यांची प्रतिमा जगभर नेली, त्या चित्रपटांच्या हिशेबी ते एक गौण कलावंत होते : सतारीच्या शेजारी बसलेले, तोंडाने एक शब्दही न बोलणारे, श्रेयनामावलीत दुसऱ्या ओळीचे धनी. एका ठिकाणी तर ते पडद्यावर आलेच नाहीत. ही कामगिरी चित्रपटजीवन या संज्ञेस पात्र आहे काय, आणि असल्यास तिचे मोल कोणते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

अल्लारखा यांचा जन्म १९१९ साली जम्मू प्रांतातील फगवाल या गावी झाला. पंजाब घराण्याचे मियाँ कादरबक्ष यांच्याकडे त्यांनी तबल्याची तालीम घेतली. लाहोर व दिल्ली येथील आकाशवाणीच्या नोकरीनंतर १९४० साली ते मुंबई केंद्रावर आले, आणि तेथून त्यांनी स्वतंत्र तबलावादन प्रक्षेपित केले. ही घटना दिसते तितकी किरकोळ नव्हे. साथीपुरते मानले जाणारे वाद्य श्रोत्याला केवळ कानांनी, गायकाच्या वा तंतकाराच्या आधारावाचून ऐकावयास लावणे, हा तबल्याच्या सामाजिक प्रतिष्ठेतील एक टप्पा होता. मुंबई हीच पुढे त्यांची कर्मभूमी झाली आणि २००० साली त्यांचे निधनही याच शहरात झाले.

चित्रपटाशी त्यांचा पहिला संबंध मॉन्टेरेच्या फार आधीचा आहे. १९४० नंतरच्या दशकात आणि त्यापुढे काही वर्षे त्यांनी ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीत दिले. ‘सबक’ (१९५०) आणि ‘बेवफा’ (१९५२) हे त्यांतील परिचित चित्रपट. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगीतदिग्दर्शक म्हणून ते चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत होते, पण पडद्यावर अदृश्य होते. अमेरिकन अनुबोधपटांत याच्या नेमके उलट घडले : ते दिसले, पण संगीताचे श्रेय दुसऱ्याकडे गेले. एकाच माणसाची ही दोन चित्रपटजीवने दोन वेगळ्या नावांनी झाली, आणि या दोहोंना एकत्र ठेवून क्वचितच पाहिले गेले.

दुसऱ्या जीवनाची पूर्वपीठिका सतारवादक रविशंकर यांच्या परदेश-दौऱ्यांत आहे. रविशंकर यांच्या मैफलीची बांधणी साथीदाराच्या दृष्टीने उदार होती. कर्नाटक पद्धतीत मृदंगवादकाला मैफलीत स्वतंत्र अवकाश दिला जातो. त्या प्रथेचा परिणाम त्यांच्यावर झाला होता. त्यांच्या कार्यक्रमात तबल्याच्या स्वतंत्र वादनाला ठरलेली जागा असे, त्या वेळी सतार लहरा धरी आणि क्षणभर प्रमुख व साथीदार यांची अदलाबदल होई. मैफलीच्या शेवटी सतार व तबला यांचे सवालजबाब रंगत. मॉन्टेरेच्या मंचावर जी जोडी बसली, तिचा परस्परसंबंध असा होता. साथ म्हणजे अनुचरत्व असे त्या संबंधाचे स्वरूप नव्हते. हे लक्षात ठेवले म्हणजे चित्रपटाने त्याचे काय केले, याचा निवाडा करणे सोपे जाते.

३

मॉन्टेरे येथील महोत्सव १६ ते १८ जून १९६७ या तीन दिवशी कॅलिफोर्नियात भरला. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६५ साली आपल्या एका गीतात सतार वाजविल्यापासून तरुण श्रोत्यांत त्या वाद्याचे कुतूहल जागे झाले होते. रविशंकर यांनी रॉक-वादकांच्या मध्येच कोठेतरी वाजविण्यास नकार दिला आणि रविवार, १८ जूनची सारी दुपार त्यांना स्वतंत्रपणे देण्यात आली. तबल्यावर अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती होत्या.

दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकर यांचा चित्रपट १९६८ साली प्रकाशात आला. त्याची लांबी सुमारे ७९ मिनिटे आहे आणि त्यांपैकी अखेरची सुमारे १८ मिनिटे, म्हणजे पाचव्या हिश्शाहूनही अधिक भाग, एकट्या या वादनाला दिलेला आहे. इतर गायक-वादकांच्या वाट्याला बहुधा एकेकच गीत आले असताना हे माप असामान्य म्हटले पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. रविवारच्या दुपारी हे वादन झाले. ‘द हू’ हा वाद्यवृंद आणि जिमी हेन्ड्रिक्स यांची पाळी त्यानंतर रात्री आली. चित्रपटात मात्र हा काळक्रम उलटविलेला आहे. प्रथम रात्र येते. त्या रात्री ‘द हू’चे वादक आपली वाद्ये फोडतात, त्यांचा ढोलवादक कीथ मून आपला वाद्यसंच लाथेने लवंडून देतो, हेन्ड्रिक्स आपल्या गिटारला आग लावतो. मग थोड्या अवकाशाने पुन्हा दुपारचे ऊन पडते आणि सतार ऐकू येते. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या परंपरेतील रविशंकर यांना ती मोडतोड असह्य वाटली होती, हे त्यांनी पुढे सांगितलेच आहे. संकलनाने हा संघर्ष निवेदनाच्या एका शब्दावाचून मांडला. वाद्य जाळून झाल्यावर ज्यांच्या हाती वाद्य अखंड राहते अशी माणसे पडद्यावर येतात. तबलावादकाचे महत्त्व येथे आणखी वाढते. कारण ज्या तालवाद्याचा नाश प्रेक्षकाने नुकताच पाहिला, त्याच जातीचे वाद्य आता त्याच्यापुढे मांडी घालून, बोटांच्या अग्रांनी वाजविले जात असते.

प्रारंभी वादक दिसतच नाहीत. आवाज त्यांचा आणि दृश्ये श्रोत्यांची : झोपलेले, अर्धवट जागे झालेले, फुले माळलेले, डोळे मिटलेले तरुण. बऱ्याच वेळाने कॅमेरा मंचाकडे वळतो. या विलंबाला केवळ कुतूहल वाढविण्याची युक्ती समजणे अपुरे होईल. पेनेबेकर यांना संगीताच्या पूर्वी ऐकणे दाखवावयाचे होते असे या रचनेवरून दिसते. आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा जेव्हा मंचावर येतो, तेव्हा तेथेही त्याला एक श्रोता सापडतो. तो श्रोता म्हणजे अल्लारखा.

हा मुद्दा थोडा उलगडून सांगितला पाहिजे. सतारवादकाची नजर कधी पडद्यांवर, कधी मिटलेली, कधी साथीदाराकडे असते. तबलजीची नजर मात्र जवळजवळ अखंड सतारवादकावर खिळलेली असते. स्वतःच्या हातांकडे ती क्वचितच जाते. सतारीतून एखादी अनपेक्षित लयाकृती निघाली की प्रथम ती त्याच्या मुद्रेवर उमटते, मग हातांतून उतरते. मान डोलते, ओठांवर हसू फुटते, आणि समेवर दोघे भेटले की ते हसू दोघांचे होते. सवालजबाबांच्या टप्प्यात तर प्रेक्षकाला सतार कळो वा न कळो, अल्लारखा यांच्या चेहऱ्यावरून प्रश्न किती अवघड होता आणि उत्तर किती नेमके साधले, हे त्याला वाचता येते. मैफलीत जाणकार श्रोता जी दाद देतो, ती येथे मंचावरूनच दिली जाते. मॉन्टेरेच्या बहुसंख्य श्रोत्यांना राग माहीत नव्हता, तालाच्या मात्रा मोजता येत नव्हत्या. कोठे डोलावे हे त्यांना या साथीदाराने दाखविले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पडद्यासमोरच्या प्रेक्षकाच्या बाबतीत तर ते निश्चितच खरे आहे. अखेर सारे मैदान उभे राहून टाळ्यांचा जो कल्लोळ करते, त्याची तयारी या चेहऱ्याने टप्प्याटप्प्याने केलेली असते.

४

येथवरचे विवेचन स्तुतिपर झाले. परंतु त्याच दुपारच्या वादनाची जी ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली, ती चित्रपटाशेजारी ठेवली म्हणजे दुसरी बाजू दिसते. त्या ध्वनिमुद्रिकेत तीन भाग आहेत : राग भीमपलास, एकतालातील स्वतंत्र तबलावादन, आणि दादरा व द्रुत तीनतालातील धून. यांपैकी चित्रपटात आली ती धून. तीही चुकीच्या नावाने. ‘राग भीमपलास’ अशी तिची नोंद झाली. एकतालातील तबलावादन चित्रपटात नाही.

नावाची चूक निष्काळजीपणाची म्हणून सोडून देता येईल, पण तिच्यामागील अज्ञानाचे परिणाम साथीदाराला अधिक भोगावे लागतात. धुनेच्या प्रारंभी सहा मात्रांचा दादरा आहे आणि उत्तरार्धात सोळा मात्रांचा द्रुत तीनताल. हे स्थित्यंतर तबल्याच्या हाती असते. ठेका बदलला की त्याबरोबर स्वरवाक्यांची लांबी, वजन आणि समेची ओढ बदलते. नुसत्या रागनामाची पाटी लावून या साऱ्याला एकच अखंड ‘राग’ म्हणून सादर केले की प्रेक्षकाला त्यातून एवढेच उमगते की, संगीत आधी संथ होते आणि मग जलद झाले. तालाची बुद्धी लोपते, वेग तेवढा उरतो. साथीदाराचे कर्तृत्व बुद्धीचे होते. पडद्यावर ते चापल्याचे झाले.

स्वतंत्र वादन गाळले जाण्याचा अर्थ तर अधिक स्पष्ट आहे. मैफलीत ज्या क्षणी रविशंकर लहरा धरून साथीदार झाले होते आणि अल्लारखा प्रमुख, नेमका तो क्षण चित्रपटाबाहेर राहिला. प्रत्यक्ष मैफलीत गौणत्व फिरते होते. चित्रपटात ते स्थिर झाले. प्रारंभी अनुबोधपटातील गौणत्व निर्मित असते असे जे म्हटले, त्याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

यावर असा आक्षेप येईल की, ७९ मिनिटांच्या चित्रपटात सर्वच काही घेता येत नाही आणि १८ मिनिटे दिल्यावर आणखी मागणे गैरवाजवी आहे. हा आक्षेप वेळेपुरता मान्य केला, तरी निवडीचे तत्त्व अनुत्तरितच राहते. रॉक-अनुबोधपटाला तालवाद्याच्या स्वतंत्र वादनाचे वावडे आहे असे मुळीच नाही. याचा पुरावा लगेचच पुढच्या चित्रपटात सापडतो.

५

वुडस्टॉकचा महोत्सव न्यू यॉर्क राज्यातील बेथेल येथे १९६९ च्या ऑगस्टमध्ये भरला. पहिल्या दिवशी, १५ ऑगस्टच्या रात्री, पाऊस पडत असताना रविशंकर यांचे वादन झाले. तबल्यावर अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. पावसाळी हवेत तबल्याची पुडी ओलावते, ताण सैल पडतो आणि स्वर उतरू लागतो; ही अडचण गिटारवादकाला कळणार नाही. रविशंकर यांनी या महोत्सवाची आठवण पुढे खिन्नतेने काढली आहे. चिखलात बसलेला तो अफाट जमाव संगीत ऐकावयास आलेला नाही असे त्यांना वाटले.

मायकेल वॉडली यांनी दिग्दर्शित केलेला ‘वुडस्टॉक’ १९७० साली प्रदर्शित झाला. तीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटाला उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात रविशंकर नाहीत आणि म्हणून अल्लारखाही नाहीत. पण त्यात पावसाचा विस्तृत प्रसंग आहे, चिखलात घसरत जाणारे तरुण आहेत आणि सांताना या वाद्यवृंदाचा अवघ्या वीस वर्षांचा ढोलवादक मायकेल श्रीव्ह याचे स्वतंत्र ढोलवादनही आहे. ते वादन या चित्रपटातील सर्वांत गाजलेल्या भागांपैकी एक होय. पडदा विभागून एकाच वेळी अनेक कोनांतून त्याचे हात, खांदे, घामेजलेला चेहरा दाखविलेले आहेत. श्रीव्ह त्यापूर्वी अज्ञात होता. त्या काही मिनिटांनी त्याला कायमची कीर्ती दिली.

या दोन निवडी एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे रॉक-अनुबोधपटाची तालाविषयीची धारणा उघड होते. त्याला ढोल हवा असतो तो शरीराच्या आवेगाचे चिन्ह म्हणून. हात वर जातो, काठी खाली येते, केस उडतात. आघातापूर्वीची हालचाल मोठी आणि म्हणून दृश्य असते. तबल्यात आघातापूर्वीची हालचाल जवळजवळ नसतेच. चाटेवरचा ‘ना’ आणि लवेवरचा ‘तिं’ यांतील भेद बोटाच्या पेराएवढ्या अंतराचा असतो. एकतालाच्या बारा मात्रांत बांधलेली रचना विस्तारत जाऊन तिहाईने समेवर येते, तेव्हा घडणारे नाट्य गणिताचे असते. ते कानाने मोजावे लागते. डोळ्याला त्यात दिसण्याजोगे थोडेच. चित्रपटाचे माध्यम या विद्येला मुळातच असमर्थ आहे असे मात्र नव्हे. मात्रा हाताने मोजणारा श्रोता, समेवर एकत्र येणाऱ्या दोन नजरा, डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड, ही सारी दृश्येच आहेत. पण ती पाहण्यासाठी काय पाहावयाचे ते आधी ठाऊक असावे लागते.

रॉक-वादकांपैकी काहींना ते ठाऊक होते, ही यातील उपरोधाची गोष्ट. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचा ढोलवादक मिकी हार्ट याने अल्लारखा यांच्याकडून तालचक्रांची दीक्षा घेतली. प्रसिद्ध जॅझ-ढोलवादक बडी रिच याने १९६८ साली त्यांच्यासह ध्वनिमुद्रिका केली. वादकांच्या जगात जो गुरुस्थानी होता, तो चित्रपटांच्या जगात शेजारी बसलेला माणूस राहिला.

६

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले, एक दुपारी व दुसरा रात्री. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या साहाय्यार्थ रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसनने ते योजले होते. सॉल स्विमर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९७२ साली आला. कार्यक्रमाचा प्रारंभ भारतीय संगीताने झाला : सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि तंबोऱ्यावर पुन्हा कमला चक्रवर्ती. ‘बांगला धून’ या नावाने ते वादन परिचित आहे.

या चित्रपटातील एक क्षण सर्वतोमुखी झालेला आहे. वादक वाद्ये जुळवितात, ती जुळवणी संपताच श्रोते टाळ्यांचा गजर करतात, आणि रविशंकर सस्मित मुद्रेने म्हणतात की, जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग अडाणी श्रोत्यांची गंमत म्हणून सांगितला जातो. वास्तविक त्यात साथीच्या विचाराला उपयुक्त असे काही आहे. जुळवणी ही वादनापूर्वीची कटकट नव्हे. तंबोऱ्याचा षड्ज, त्याला मिळवून घेतलेली तंतुवाद्ये, गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देत त्याच षड्जाशी आणलेला तबला, हा एका वाद्याने दुसऱ्याचे ऐकण्याचा पहिला विधी होय. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या त्या चुकीच्या समजुतीने. पण ज्या गोष्टीला वाजविल्या ती गोष्ट टाळ्यांना अपात्र नव्हती.

त्यापुढील वादनात अल्लारखा यांची जागा मॉन्टेरेपेक्षा वेगळी आहे. तेथे संवाद सतार व तबला यांच्यात होता. येथे तो मुख्यतः सतार व सरोद यांच्यात आहे. जुगलबंदीत दोन तंतकार एकमेकांशी बोलू लागले की तबलजीला दोघांच्याही पायाखालची जमीन व्हावे लागते. ठेका अढळ ठेवणे, एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होताना लयीला धक्का लागू न देणे, आणि दोघे एकत्र आले की मगच उसळी घेणे, हे काम अधिक जबाबदारीचे आणि कमी दिसणारे आहे. स्विमर यांचा कॅमेरा ते ओळखत नाही. जो तंतकार वाजवीत असेल त्याच्यामागे तो धावतो, आणि जे सतत चाललेले असते त्याकडे त्याचे लक्ष कमी जाते. पेनेबेकर यांचा कॅमेरा ऐकणाऱ्याकडे पाहात होता. स्विमर यांचा वाजविणाऱ्याकडे पाहतो. दोन चित्रपटांच्या कलात्मक दर्जातील अंतर एवढ्या एका भेदावरून सांगता येते.

या क्रमाच्या टोकाशी तंबोरा आहे. साथीदार गौण, तर तंबोरा धरणारा साथीदाराचाही साथीदार. मॉन्टेरे व न्यू यॉर्क या दोन्ही मंचांवर कमला चक्रवर्ती यांनी धरलेला षड्ज चित्रपटांच्या ध्वनिपट्टीत प्रथमपासून अखेरपर्यंत आहे. चौकटीत त्या क्वचित आणि बहुधा कडेला दिसतात. अल्लारखा यांना न्याय मिळाला नाही असे म्हणताना, त्याच न्यायाची पुढची पायरी विसरून चालणार नाही.

७

रॉक-संगीताच्या बाहेरील दोन चित्रपट तुलनेसाठी घेता येतील. हॉवर्ड वर्थ यांच्या ‘रागा’ (१९७१) या चित्रपटाचा विषयच रविशंकर यांचे जीवन असल्यामुळे तेथे अल्लारखा यांचे दुय्यमत्व विषयानेच ठरविलेले आहे आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हॅरिसनच्या पुरस्काराने भारतीय वादकांच्या मोठ्या वृंदाचा कार्यक्रम झाला. त्याचे चित्रीकरण २०१० साली प्रसिद्धीस आले. तेथे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सुलतान खाँ, लक्ष्मी शंकर अशा अनेकांच्या मेळ्यात ते आहेत. या दोन्ही ठिकाणी त्यांचे दर्शन आदराचे आहे, पण मॉन्टेरेच्या त्या १८ मिनिटांतील उत्कटता त्यांना नाही.

भारतात या चित्रपटांची चर्चा झाली ती बहुधा अभिमानाच्या सुरात. आपल्या वादकांनी पाश्चात्य तरुणांना जिंकले, ही त्या चर्चेची धृपदाची ओळ. हा अभिमान समजण्याजोगा असला तरी समीक्षेच्या कामाचा नाही. त्याने प्रश्न असा विचारला की, टाळ्या किती पडल्या. टाळ्या कशाला पडल्या, हा प्रश्न त्याने विचारला नाही. गाळलेल्या एकतालाची, चुकलेल्या रागनामाची खंत या अभिमानाला कधी वाटली नाही. उलट बाजूस काही शुद्धतावादी रसिकांनी हा सारा प्रकार बाजारू ठरवून चित्रपटांकडे पाठ फिरविली. त्यांच्या हातून दुसरी चूक झाली. मैफलीतील साथीदाराचे ऐकणे ही अत्यंत क्षणभंगुर गोष्ट आहे. ध्वनिमुद्रिका ते टिपू शकत नाही, कारण ते आवाजात उमटण्यापूर्वी मुद्रेवर उमटते. लिखित वर्णन तेथवर पोचत नाही. पन्नाशीला टेकलेल्या एका श्रेष्ठ तबलजीचा, पूर्ण एकाग्रतेने ऐकत असलेला चेहरा, त्याच्या हातांतून निघणाऱ्या बोलांसह जतन झाला तो एका रॉक-महोत्सवाच्या चित्रपटात, हे सत्य कितीही विसंगत वाटले तरी स्वीकारले पाहिजे.

म्हणून अल्लारखा यांच्या या चित्रपटजीवनाविषयी निर्णय द्यावयाचा तर तो दुहेरी द्यावा लागेल. चित्रपटांनी त्यांचे स्वतंत्र वादन घेतले नाही, आणि ही हानी भरून न येणारी आहे. मॉन्टेरेची ध्वनिमुद्रिका हाताशी नसलेल्या प्रेक्षकाला ते केवळ साथीदार होते असेच वाटत राहील. पण साथ म्हणजे काय, हे त्यांतील एका चित्रपटाने दाखविले, आणि ते अन्य कोणत्याही साधनाने इतके स्पष्ट दाखविले गेलेले नाही. साथ करणे म्हणजे मागून जाणे नव्हे. ऐकणे दृश्य आणि श्राव्य करणे होय. अनुबोधपटांचा अभ्यास करणाऱ्याने चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून काय घेतले व काय सोडले याचा ताळा पाहावा, आणि संगीताच्या विद्यार्थ्याने तीच अठरा मिनिटे एकदा सतारीकडे न पाहता, केवळ तबल्यामागच्या त्या चेहऱ्याकडे पाहून काढावीत. मग ‘गौण कलावंत’ हे शब्द वापरण्यापूर्वी त्या कलावंताला गौण केले कोणी, असे विचारण्याची सवय आपोआप जडेल.